लाव, लावा आणि लावारस

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही, की भोंगा ती स्वतःच वाचून दाखवायचा. तीही अशा आवाजात की पलीकडच्या चपलांच्या दुकानातले लोक हातातला बूट खाली ठेवून ऐकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, आता ओळ पाठ झाली, नंबर कसा कळणार?" मग भोंगा तक्ता उलटा टांगायचा. या पद्धतीनं बऱ्याच लोकांना चुकीचे चष्मे गेले असावेत. पण त्यांतल्या कुणाला ते दिसलं नाही, त्यामुळे तक्रारही आली नाही.

भोंगा हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव बँकेत आणि दवाखान्यात वापरलं जायचं. भोंगा हे नाव त्याला तरुणपणी पडलं, कारण तेव्हा तो 'चौथा मजला' नावाच्या रॉक बँडचा गायक होता. ज्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत हा बँड वाजवायचा, तिला मजले तीनच होते. "चौथा आम्ही आवाजानं बांधतोय," असं ते चौघं भेटेल त्याला सांगायचे. त्या वयात असली वाक्यं सुचतात आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःला पटतात.

बँडनं एक कॅसेट काढली, मग एकमेकांची उणीदुणी काढली आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या पोटापाण्याचं काढलं. ढोलवाला, ज्याला सगळे हातोडी म्हणत, आता गाद्या विकतो. आयुष्यभर बडवलं तरी आवाज होणार नाही अशी वस्तू त्यानं मुद्दाम निवडली असावी, असं त्याची बायको म्हणते. कॅसेटमधली बाकीची गाणी लोक विसरले आणि त्यात लोकांचं काही चुकलं नाही. एक मात्र टिकलं. त्याचं नाव 'धूर'.

*धूर माझ्या डोळ्यांत, धूर तुझ्या बोलण्यात,*
*जळतंय काय ते कुणीच सांगेना.*

प्रत्येक कडव्यानंतर हेच, चढत्या आवाजात. गाणं ऐन भरात आलं की सगळी वाद्यं एकदम थांबतात. शांतता. त्या शांततेत काहीतरी करकरतं. आणि मग भोंगा छाती फाडून ओरडतो, "दार लाव!" त्यानंतर आवाज वाढवून, श्वास रोखून ऐकलं तर एक बारीक बाईचा स्वर येतो, "लावा... लावा..." मग ढोल सुरू होतो, जरा उशिरानं, आणि कुठंतरी काहीतरी पडतं.

ह्या जागेवर एका पिढीच्या अंगावर काटा आला. पुढच्या पिढीनं तो काटा वारसाहक्कानं घेतला. प्रत्यक्षात काय घडलं होतं, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

घडलं होतं ते असं. गच्चीखाली, तिसऱ्या मजल्यावर, कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथं श्रवणचाचणी घेणारी एक मुलगी कामाला होती. पेशंटनं आवाजबंद पेटीत बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि बारीक टूं ऐकू आलं की बोट वर करायचं, अशी ती चाचणी. त्या दिवशी वर कॅसेटसाठी 'धूर' टेप होत होतं; खाली तिनं यंत्र सुरूही केलं नव्हतं आणि आतले आजोबा दोन्ही हातांची बोटं तालात वर करत होते. आजोबा खूश होते, कारण त्यांना बऱ्याच दिवसांनी इतकं स्वच्छ ऐकू येत होतं. मुलगी पेटीचं दार आपटून जिना चढली आणि तिनं गच्चीवरच्या खोलीचं दार उघडलं.

दारात एक मुलगी उभी आहे, हे पाहून गिटारवाल्याचे हात थांबले. मग बाकीच्यांचे थांबले. मुलीकडं पाठ असलेल्या भोंग्याला एवढंच कळलं, की उघड्या दारातून रस्त्यावरचा गोंगाट टेपवर चाललाय, म्हणून तो ओरडला, "दार लाव!"

त्यावर ती म्हणाली, "लावा म्हणा, लावा. ओळख ना पाळख!" आणि दार उघडं टाकून निघून गेली. ढोलवाल्याच्या हातून गडबडीत काडी निसटली. टेप दुसरी नव्हती आणि आधी गायलेलं याहून वाईट होतं, म्हणून तेच ठेवलं.

भोंगा पुढं माफी मागायला खाली गेला. माफी मागायची राहिली, कारण गेल्या गेल्या तिनं त्याला पेटीत बसवून त्याचे कान तपासले. कान उत्तम निघाले. म्हणजे स्वतःला नीट ऐकू येत असूनही तो तसा गात होता, हे शास्त्रानं सिद्ध झालं. एवढं जवळून ओळखल्यावर दोघांनी लग्न केलं. माफी राहिली ती राहिलीच.

आणि त्यातून घरात एक रिवाज पडला. 'धूर' लागलं, की बायको पहिलं कडवं ऐकायची, दुसऱ्या कडव्याला हातातलं काम बाजूला ठेवायची आणि वाद्यं थांबायच्या जरासं आधी उठून खोलीबाहेर जायची. जाताना दार लावून घ्यायची, हळूच, आवाज न करता. भोंग्याला तो न झालेला आवाज गाण्यापेक्षा मोठा ऐकू यायचा.

"अगं, चुकून झालं ते. टेपवर आहे, आता कसं पुसू?"

"मी पुसा कुठं म्हणतेय? ऐकायचं नाही एवढंच माझं म्हणणं."

"मग आता मी तुला तू म्हणतो ते?"

"ते लग्नानंतरचं. नात्यातलं. हे ओळखीच्या आधीचं आहे."

जगातल्या वाटेल त्या माणसानं गाण्याला वाईट म्हणावं, भोंग्याला चाललं असतं. पण जिचा आवाज त्या गाण्यात आहे, तिनं एकदा ते शेवटपर्यंत ऐकावं, एवढी एकच इच्छा त्यानं मनात धरली होती. बाकीच्या इच्छा वयानुसार गळून पडल्या, ही चिकटून राहिली.

मग गाण्याला कव्हरं यायला लागली.

ही बातमी लेकीनं आणली. ती जेवणाच्या टेबलावर फोन ठेवत म्हणाली, "बाबा, तुझं गाणं परत आलंय. कव्हर केलंय लोकांनी."

"कव्हर म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पद्धतीनं गायचं."

"त्याला आमच्याकडं नक्कल म्हणायचे."

हातोडी तेव्हा चहाला आलेला होता. तो म्हणाला, "वहिनी, कव्हरं माझ्याकडंपण आहेत. पण माझी धुता येतात."

पहिलं कव्हर होतं काळे कपडे घालणाऱ्या एका बँडचं. त्यांनी 'धूर'मधली चाल काढून टाकली होती, बहुधा ती आड येत असावी. 'दार लाव' आलं, की मंचावर एक खरंखुरं दार धाडकन बंद व्हायचं आणि मागं कागदी ज्वालामुखीतून लाल दिव्यांचा पूर वाहायचा. "लावा! लावा!" असं चार दाढीवाले हंबरायचे. बायकोच्या व्याकरणाचा इतका मोठा उद्रेक झालेला भोंगा प्रथमच पाहत होता.

दुसरं एका गायिकेचं. ती इतकी हळू गायची, की दोन शब्दांच्या मध्ये माणूस कपडे वाळत घालून परत येऊ शकेल. "दार..." म्हणून ती उसासा टाकायची, आणि "...लाव" येईपर्यंत दार लावायचं की रंगवायचं, हे ऐकणारा विसरलेला असायचा. हे गाणं पुढं लाकडी दारांच्या जाहिरातीत वापरलं गेलं. सगळ्या कव्हरांत गाण्याचा मूळ हेतू तेवढा त्या जाहिरातवाल्यांना कळला होता.

तिसरं नाचायच्या जागी वाजवायचं. त्यात "दा-दा-दा-दा-दा" असं बराच वेळ चालायचं आणि "र" कधी यायचाच नाही. लेकीला ते आवडायचं. "यात एक तणाव आहे," ती म्हणाली. "बद्धकोष्ठ आहे," हातोडी म्हणाला.

आणखी एक मंडळी अशी होती, की त्यांनी मूळ गाण्याची हुबेहूब प्रत काढायचा पण केला होता. दाराची करकर मिळावी म्हणून त्यांनी जुन्या इमारती धुंडाळल्या होत्या. हातोडीच्या हातून काडी पडल्याचा आवाज त्यांना नेमका जमत नव्हता, म्हणून त्यांचा ढोलवाला काडी पाडायचा रियाज करत होता. हातोडीनं हे ऐकलं आणि तो अस्वस्थ झाला. "मी तर एकदाच पाडली," तो म्हणाला, "ती पण चुकून." मग जरा वेळानं, "पण पाडली मात्र छान होती, नाही?"

शेवटचं कव्हर एका शाळेच्या मुलांचं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी गाणं आधी स्वच्छ करून घेतलं होतं. धूर आरोग्याला वाईट, म्हणून मुलं सुरुवातीलाच खोकायची. आणि मधल्या शांततेत सगळी मुलं एका सुरात, हात जोडून म्हणायची, "कृपया, दार लावा."

भोंग्याची बायको ते ऐकता ऐकता खुर्चीत पुढं सरकली.

"पुन्हा लाव गं," ती लेकीला म्हणाली.

पुन्हा लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. पायानं ताल धरला. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना ती तेच गुणगुणत होती. ज्वालामुखीवालं, उसाशांचं, दा-दा-दाचं, सगळी कव्हरं तिनं बसून ऐकली. मूळ गाणं लागलं, की मात्र दार हळूच लावलेलं. चष्म्याच्या काचा पुसत बसलेल्या भोंग्याच्या मनात पहिल्यांदाच शाळकरी पोरांबद्दल वैरभाव निर्माण झाला.

अशात एक समीक्षक दुकानात आले.

त्यांनी 'धूर'वर ग्रंथ लिहिला होता. नाव: 'लावा: एका पिढीचा भूगर्भ'. त्यात असं मांडलं होतं, की 'दार लाव' हा व्यवस्थेला दिलेला नकार असून, त्यानंतर येणारा अस्फुट स्त्रीस्वर म्हणजे साक्षात पृथ्वी होय, आणि ती 'लावा... लावा' म्हणून उद्रेकाची पूर्वसूचना देत आहे. काही लोक लावा म्हणतात, काही लाव्हा. हा वाद त्यांनी एक लांबलचक तळटीप देऊन मिटवला होता.

भोंग्यानं त्यांना सवयीनं खुर्चीत बसवून तक्ता दाखवला. समीक्षकांनी पहिलं अक्षर वाचलं नाही, त्याचा अर्थ सांगितला.

"आमच्या रेडिओवर कार्यक्रम आहे," ते एक डोळा झाकून म्हणाले. "'मूळ आणि मुलामा'. सगळी कव्हरं वाजवायची, मग मूळ वाजवायचं, तुलना करायची. श्रोते मत देणार. शेवटी तुम्ही प्रत्यक्ष गायचं."

"आणि मूळ गाणं कितवं येणार?"

"ते तुमच्यावर आहे." समीक्षकांनी दुसरा डोळा झाकला. "कसंय, सुरात ते काळे कपडेवाले तुमच्यापेक्षा बरे आहेत. भावनेत ती बाई. नीटनेटकेपणात ती मुलं. तुमच्याकडं एकच गोष्ट आहे, तो आदिम लावा. तो खुद्द तुम्ही मान्य केलात, की मूळ ते मूळ! मी छातीठोकपणे पहिलं ठरवतो. पण मागं कुणीतरी उठवलं होतं म्हणे, की ते खरंच दाराबद्दल आहे." ते हसले. भोंगाही हसला. हसताना त्याचा आवाज चपलांच्या दुकानापर्यंत गेला नाही.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पृथ्वी."

"अगं, त्यांच्या ग्रंथात. तसं वाईट नाही ते."

"आणि तुम्ही हो म्हणणार."

"मी कशाला काही म्हणतोय? गप्प बसेन. गाणं पहिलं येईल. मग तू तरी..."

"मी तरी काय?"

"ऐकशील," असं त्याला म्हणायचं होतं. तो म्हणाला, "काही नाही."

"जा तुम्ही. सांगा खुशाल, लावारस होता म्हणून. मला त्या दिवशी कपाट आवरायचंय." आणि ती खोलीबाहेर गेली. गाणं न लागताही दार हळूच लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी भोंगा इतका गडबडीत निघाला, की कपाळावर ढकललेला चष्मा समजून तो जे हातानं सारखं चाचपत होता, ती नुसती आठी होती. रेडिओच्या खोलीत पोचल्यावर समोर 'धूर'चे शब्द लिहिलेला कागद ठेवला, तेव्हा त्याला कळलं, की चष्मा घरीच राहिलाय. स्वतःच्या गाण्याचं दुसरं कडवं त्याला केव्हाच आठवेनासं झालं होतं, आणि गावाला चष्मे पुरवणाऱ्या माणसाला कागद म्हणजे पांढरी धुंदी दिसत होती.

"घरी फोन करा," हातोडी म्हणाला. तो गाद्यांच्या गोडाऊनमधून एक छोटा ढोल आणि दोन काड्या घेऊन आला होता. तिसरीही आणली होती, पाडण्यासाठी.

लेकीनं फोन उचलला. "आई म्हणते, आणते," ती म्हणाली. "कपाट आवरून झालं तर."

खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला. निवेदिका गोड आवाजात बोलू लागली. एकेक कव्हर वाजलं. प्रत्येकानंतर समीक्षक तुलना करत गेले. ज्वालामुखीवाल्यांनी मूळ गाण्यातला राग घेतला पण कारण सोडलं, असं ते म्हणाले. गायिकेनं कारण शोधलं पण तोवर राग निघून गेला. मुलांच्या गाण्याला त्यांनी 'आज्ञाधारक' म्हटलं आणि शब्द असा उच्चारला, की मुलांच्या आईवडिलांना रात्री त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं असेल. मग मूळ गाणं वाजलं. "दार लाव!" आलं. बारीक स्वर आला. समीक्षकांनी डोळे मिटले.

"आता खुद्द गायकालाच विचारू," निवेदिका म्हणाली. "काका, हा लावा आला तरी कुठून?"

भोंग्यानं घसा खाकरला. खोटं बोलायची त्याची तयारी होती. पण ऐन वेळी कुठलं खोटं, ते आठवेना. चष्म्याशिवाय त्याला सुचतही कमी असे.

"खालून," तो म्हणाला.

"खालून!" समीक्षकांनी टेबलावर हात आपटला. "ऐकलंत? भूगर्भातून!"

"नाही, म्हणजे... तिसऱ्या..."

"तिसऱ्या स्तरातून! ग्रंथात हेच आहे! आणि वर येताना तो धगधगत होता?"

"रागात होती खरी," भोंगा प्रामाणिकपणे म्हणाला.

"होती! स्त्रीलिंग! पृथ्वी!"

हातोडी ढोलाआड तोंड लपवून हलत होता. पहिला नंबर अगदी हाताशी होता. भोंगा गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. घरी दार हळूच लागलं, की असाच यायचा.

"चला तर," निवेदिका म्हणाली, "ऐकू या 'धूर', प्रत्यक्ष, मूळ आवाजात."

हातोडीनं काड्या आपटल्या. रेडिओच्या माणसानं गिटार छेडली. भोंगा गाऊ लागला. आवाज पूर्वीसारखाच होता, म्हणजे पूर्वीही फार चांगला नव्हता. पहिलं कडवं निघालं. दुसऱ्या कडव्याच्या जागी त्यानं पहिलंच पुन्हा म्हटलं आणि तेही समीक्षकांना अर्थपूर्ण वाटलं. गाणं चढत गेलं. वाद्यं थांबली. शांतता.

आणि दार करकरलं.

लाल दिवा लागलेलं, जाड, आवाजबंद दार उघडून बायको आत आली. हातात चष्म्याची डबी होती. दिव्याचा अर्थ कळला नाही, असं तिनं नंतर निवेदिकेला सांगितलं. जिनं उभी हयात लाल दिव्याच्या आवाजबंद पेटीशेजारी नोकरी केली, तिनं हे सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण तिचा चेहरा फार साधा होता. बाहेर बसायच्या जागी भिंतीवर रेडिओ मोठ्यानं चालू होता, हेही पुढं कुणी काढलं नाही.

खोलीतले सगळे भोंग्याकडं बघत होते. समीक्षकांनी मुठी आवळल्या. लाखो श्रोते, निदान कार्यक्रमाच्या जाहिरातीत तरी लाखो होते, ते त्या दोन शब्दांची वाट बघत होते. भोंग्यानं छाती भरून श्वास घेतला. चष्मा नसल्यामुळे दारात त्याला फक्त एक आकृती दिसत होती. या वेळी त्याची पाठ मात्र तिकडं नव्हती.

"अहो," तो म्हणाला, "या ना आत. आणि तेवढं दार लावा."

बायकोनं वळून दार लावलं. आतल्या बाजूनं. मग रिकामी खुर्ची ओढून बसली.

हातोडीला आता ढोल सुरू करायचा होता, पण तो हसत सुटला आणि त्याच्या हातून काडी पडली. जाणकारांचं असं मत आहे, की ही काडी पहिल्या काडीच्या जवळपास जाते.

"हे काय!" समीक्षक माइकवर ओरडले. "हे गाण्यात नाही!"

"आहे," भोंगा म्हणाला. "नव्हतं, पण असायला पाहिजे होतं. साहेब, ही माझी बायको. हाच तो लावा."

निवेदिकेनं माइक तिच्याकडं सरकवला. असा प्रसंग शिकवलेला नव्हता, पण मुलगी हुशार होती.

"मी यांना म्हणाले होते, दार लाव म्हणू नका, लावा म्हणा," बायको म्हणाली. "आमच्या दवाखान्यात एक आजोबा बसले होते पेटीत. यांच्या ढोलामुळे त्यांना वाटलं, कान बरे झाले. दुसऱ्या दिवशी मला त्यांना खरं सांगावं लागलं. तुम्ही लिहिलंय ते छान आहे हो, मी वाचलं. पण मी पृथ्वी नव्हे. खालच्या मजल्यावर होते."

"म्हणजे," समीक्षक हळूहळू म्हणाले, "हे... हे व्याकरण आहे?"

"रीत आहे," ती म्हणाली. "व्याकरण मुलांच्या शाळेत शिकवतात. बघा ना, किती छान म्हणतात."

"गाणं राहिलंय," हातोडी म्हणाला आणि त्यानं ढोल सुरू केला.

भोंग्यानं शेवटचं कडवं गायलं. समोर डबी होती, पण त्यानं चष्मा घातला नाही. शब्द चुकले. ती बसून होती. गाणं संपेपर्यंत बसून होती, आणि संपल्यावर टाळ्या न वाजवता तिनं डबी उघडून चष्मा त्याच्या हातात दिला.

श्रोत्यांची मतं लागली. शाळेची मुलं पहिली. ज्वालामुखी दुसरा. मूळ गाणं शेवटी, दा-दा-दाच्याही खाली. निवेदिकेनं ते हळुवारपणे सांगितलं. समीक्षकांनी पुढच्या आवृत्तीला नवं प्रकरण जोडलं: 'मूळ गायकास स्वतःच्या कृतीचे न झालेले आकलन'. त्यात त्यांनी दाखवून दिलं, की 'धूर' भोंग्यानं गायलं असलं तरी ते त्याचं नाही, आणि त्याच्या तोंडी वाया गेलं. बाईंना मात्र त्यांनी अजून पृथ्वीच ठेवलं आहे, फक्त आता ती मुद्दाम बोलते. हुबेहूब मंडळींत तर फूट पडली. निम्मे 'दार लाव'वर ठाम राहिले, निम्मे 'अहो, या ना आत'चा रियाज करू लागले. त्यांतल्या एकाला, म्हणतात, तो प्रेमळपणा काही केल्या साधत नाही, आणि त्यासाठी तो लग्न करायच्या विचारात आहे.

घरी येताना टॅक्सीत भोंगा चष्म्याच्या काचा पुसत बसला. मग त्यानं विचारलंच.

"आज ऐकलंस. पूर्ण."

"ऐकलं."

"कसं होतं?"

"मुलांचं जास्त चांगलं आहे." तिनं खिडकीची काच वर केली. "पण तुमचंही बरं आहे. दुसरं कडवं तेवढं शिका."

घरी लेक वाट बघत बसली होती. तिनं जुनी कॅसेट कुठून तरी धुंडाळून मशीनमध्ये घातली होती. बायको म्हणाली, "लाव." भोंगा म्हणाला, "राहू दे, आज नको." बायको म्हणाली, "लाव म्हटलं ना."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, जे भोंग्याला नव्यानं ऐकल्यासारखं वाटलं. वाद्यं थांबायची वेळ आली. बायको उठली. भोंग्यानं मान खाली घातली.

ती दारापर्यंत गेली. टेपवरचा तरुण भोंगा ओरडला, "दार लाव!" आणि टेपवरच्या त्या मुलीबरोबर, तिच्या जरा पुढंच, ती म्हणाली, "लावा म्हणा, लावा. ओळख ना पाळख!"

मग तिनं दार लावलं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, आणि परत येऊन बसली.